ग्रासिआनाबाईंची सही

१६ सप्टेंबर
कॉर्तेझ वेल्स, नेवाडा

लायल,

पाकिटावर माझं नाव लिहावंच लागतं, नाहीतर तुमच्याकडचे लोक पत्र आत सोडत नाहीत. म्हणजे नाव बघूनच तू ते गादीखाली सारणार, हे मला ठाऊक आहे. सार. पण कधीतरी डोळा लागणार नाही, तेव्हा काढून वाच.

निघाले होते कॅलिफोर्नियाला पीच तोडायला. वाटेत गाडीचा पट्टा तुटला. गॅरेजवाला म्हणाला, "उद्या ये." समोरच ट्रस्कॉटबाईंच्या प्रचाराचं ऑफिस. आधी तिथे गाद्या विकायचे. भिंतीवर 'स्वस्तात झोपा' ही पाटी अजून तशीच आहे आणि तिच्याखाली बाईंचा हा एवढा फोटो. मी नुसती पाणी प्यायला आत गेले होते. बाहेर आले तेव्हा गळ्यात ओळखपत्र लटकत होतं.

हस. पण ऐक. ऑगस्टमध्ये आयोवाच्या जत्रेत एका पाद्र्यानं ट्रस्कॉटबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मी राष्ट्राध्यक्ष झाले तर केंद्राच्या तुरुंगात मृत्युदंडाची वाट बघणाऱ्या सगळ्यांची शिक्षा जन्मठेपेवर आणीन. सगळ्यांची, लायल. तो तुकडा मी फोनवर इतक्यांदा पाहिलाय की बाईंच्या मागे मक्याचं कणीस खाणारा माणूस कुठल्या शब्दाला घास घेतो तेही मला पाठ आहे. 'सगळ्यांची'ला घेतो. आणि त्यांच्याविरुद्ध उभा असलेला सेनेटर विकर्सन म्हणतो, आलो की रांगेनं एकेकाचा निकाल लावतो. त्या रांगेत तू कुठे उभा आहेस ते तुलाही माहीत आहे, मलाही.

म्हणून मी दारं ठोठावते. आमचा साहेब ब्रायस म्हणून आहे, बोस्टनचा, वय माझ्याएवढंच, पण चेहरा असा की देश त्याच्याच खिशात आहे. मी त्याला सांगितलं की माझा भाऊ त्या रांगेत आहे. त्यानं ऐकून घेतलं, खरंच ऐकलं, आणि म्हणाला, "टेस, मला वाईट वाटतं. पण दारात हे काढायचं नाही. दारात विचारायचं, तुम्हाला कशाची काळजी वाटते? आणि ते जे सांगतील त्यावर बोलायचं."

"आणि त्यांना माझी काळजी विचारावीशी वाटली तर?"

"कोणी विचारत नाही."

खरं आहे. कोणी विचारत नाही. लोक किराण्याचे भाव सांगतात, मेक्सिकोची सीमा सांगतात, गर्भपाताचं बोलताना दार अर्धं लोटून घेतात. एका बाईच्या गावातलं बाळंतपणाचं हॉस्पिटल बंद पडलं, तिची सून गाडीतच बाळंत झाली. ती बाई म्हणाली, "ट्रस्कॉट असो नाहीतर तिची आई, मला फक्त सुईण द्या." एक म्हातारा बंदूक पुसत बसला होता. मला वाटलं आता हा हाकलणार. तर तो म्हणतो, "आमच्या मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नको' असाही एक पर्याय असतो, माहीत आहे? मी पहिल्यापासून त्याचाच माणूस. तो कधी निवडून येत नाही म्हणून कधी फसवतही नाही." मग त्यानं मला त्याची कोंबडी दाखवली. तिला एकच डोळा आहे. अर्धा तास गेला. ब्रायस ओरडला.

तू मला माशी म्हणायचास ना, एका जागी टेकत नाही म्हणून? इथे मी टेकले आहे. गाडीतच झोपते. भेटणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव तू गेल्या वर्षी खोडलंस, ते परत लिहिशील का?

माशी

४ ऑक्टोबर
कॉर्तेझ वेल्स

लायल,

तुमच्याकडे टीव्हीवर ट्रस्कॉट आणि विकर्सनची वादचर्चा दाखवली का? दाखवली असेल तर हे पत्र कशाबद्दल आहे ते तुला कळलंच असेल.

आम्ही ती बोलिंगच्या हॉलमध्ये पाहिली. एका बाजूला गोळे गडगडतायत, पिना पडतायत, आणि वर टीव्हीवर देश कोणाच्या हाती द्यायचा ते चाललंय. विकर्सन सीमेच्या कुंपणावर बोलला, बाई औषधांच्या किमतीवर बोलल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्या पत्रकारानं विचारलं. नेमकं तेच. आयोवात तुम्ही जे म्हणालात त्यावर अजून ठाम आहात का?

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. म्हणाल्या, "प्रत्येक प्रकरण त्याच्या त्याच्या परिस्थितीनुसार तपासलं जाईल."

ब्रायसनं मूठ हवेत उडवली. "वा! काय सुटली!"

मी म्हटलं, "'सगळ्यांची' होतं ते. सगळ्यांची म्हणाल्या होत्या."

"तिला पेनसिल्व्हेनिया जिंकायचंय, टेस. नेवाडा जिंकायचंय. जिंकली नाही तर कोणाचीच नाही."

मी जोडे बदलायच्या बाकड्याखाली डोकं घालून बसले. ते भाड्याचे जोडे असतात ना, त्यांचा वास अजून नाकात आहे.

तू म्हणशील, सांगितलं होतं मी. तुझी आशा घेऊन इथे येत जाऊ नकोस, मला ती इथे ठेवायला जागा नाही, असं म्हणालास आणि नाव खोडलंस. पण मी तरी ती कुठे ठेवू? गाडीत? 'परिस्थितीनुसार' म्हणजे नकार नव्हे. विकर्सनकडे तर तेवढंही नाही. माझ्याकडे हा एकच दोर आहे, तो कुजका निघाला तरी सोडून कशाला धरू?

मी कोणाला असंही सांगत नाही की तू केलं नाहीस. तू केलंस. हॅरिएट ओडेल पोस्टाच्या खिडकीमागे उभी होती आणि तू तिला मारलंस. तिचा मुलगा कोर्टात माझ्या पुढच्याच बाकावर बसायचा, त्याच्या मानेवर एक तीळ आहे. मी इतके आठवडे तो तीळ बघत होते.

पण मला जास्त आठवते ती हिरव्या स्वेटरमधली ज्यूरी बाई. बाराजणांचं एकमत झाल्याशिवाय मृत्यू देता येत नाही, आणि ती एकटी दोन दिवस 'नाही' म्हणत बसली होती. अकराजण तिच्याभोवती. थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आलेला, सगळ्यांना घरी जायचं होतं. मग ते बाहेर आले आणि जज्जानं रीतीप्रमाणे एकेकाला विचारलं, हा तुमचाच निर्णय का? बाकीचे खणखणीत 'हो' म्हणाले. तिचं 'हो' कोणालाच ऐकू आलं नाही. जज्ज म्हणाला, पुन्हा सांगा. तिनं पुन्हा सांगितलं. तिला तिथवर रेटत आणलं होतं, लायल. मी तिचे खांदे बघत होते. तिला कोणी रेटलं नसतं तर आज मी ही दारं ठोठावत फिरले नसते.

नाव लिहिलंस का?

माशी

८ नोव्हेंबर
कॉर्तेझ वेल्स

लायल,

काल मतदान झालं आणि आज काहीच ठरलेलं नाही. सगळा देश मोजून झाला, आमचं राज्य अडकलंय. नेवाडा ज्याच्याकडे जाईल तो राष्ट्राध्यक्ष, असं टीव्हीवाले बोटानं नकाशा दाबून दाबून सांगतायत. मी कुठेही गेले तरी असंच होतं बघ. जिथे पट्टा तुटतो नेमकं तिथेच.

आता नवं काम. इथे बरेच जण घरूनच टपालानं मत पाठवतात, पाकिटावर सही करून. ती सही जुन्या सहीशी जुळली नाही की मत बाजूला काढून ठेवतात. काउंटीचं ऑफिस त्या माणसाला कळवतं, या आणि ही तुमचीच सही असं सांगा. सोमवारी पाचपर्यंत आला तर मत मोजणार, नाही आला तर कचरा. अशी हजारो पाकिटं पडून आहेत. मतदारयादीत ज्यांच्या नावापुढे आपला पक्ष लिहिलेला असतो, त्यांना शोधायचं आणि ऑफिसात न्यायचं, हे आमचं काम.

एका पोरानं सहीत मांजर काढलं होतं. "माझी सही आता अशीच आहे," म्हणाला. एकीचं लग्न झालं, एकीचं मोडलं, दोघींच्या सह्या बदललेल्या. एकाला मी अंघोळीतून ओढून आणला, कानात साबण.

मी जेवले का विचारू नकोस. मी धावतेय. प्रत्येक पाकीट मला तुझ्या दाराची कडी वाटते.

माशी

१३ नोव्हेंबर
काउंटी कोर्टाच्या पायऱ्यांवर

लायल,

हे पत्र नीट वाच. यातलं काही लपवायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आज शेवटचा दिवस. ब्रायसनं सकाळी एकच नाव दिलं. "ग्रासिआना एचेगोयेन. वय ब्याऐंशी. आपल्या पक्षात जन्मापासून. फोन लागत नाही. लांब आहे, पण तुझ्याशिवाय तिकडे कोणी जाणार नाही."

डांबरी रस्ता संपला, मग खडीचा संपला, मग नुसती सेजची झुडपं आणि दोन चाकोऱ्या. शेवटी मेंढ्यांचा गोठा, पत्र्याचं घर आणि एक कुत्रा, त्यानं माझा बूट धरला तो सोडेना. आतून आवाज आला, "चावत नाही तो, फक्त पकडून ठेवतो! मेंढी समजला तुला!"

बाई बास्क, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून आलेल्या मेंढपाळांच्या घरातली. नवऱ्याच्या मागे नातवासोबत मेंढ्या सांभाळते. वसंतात मेंढी वीत असताना ही पडली आणि उजवं मनगट मोडलं. म्हणून पाकिटावर डाव्या हातानं सही केली.

मी विचारलं, "काउंटीचं पत्र आलं नाही का तुम्हाला?"

"रोज वीस पत्रं येतात तुमची! हिला मत द्या, त्याला देऊ नका, तो चोर, ती चेटकीण. सगळी चुलीत घालते. चांगली पेटतात, तेवढाच तुमचा उपयोग." मग थांबली. "त्यात ते पण गेलं असेल?"

"गेलंच."

"अरे देवा." तिनं चुलीकडे असं बघितलं, जणू चुलीनंच दगा दिला. "म्हणजे माझं मत मोजलं नाही? माझं? लग्न झालं त्या वर्षापासून एकदा चुकलं नाही माझं!"

मी म्हटलं, लगेच निघू. कसलं लगेच! आधी घेवड्याचं सूप समोर आलं, "उपाशी पोरीच्या गाडीत मी बसत नाही" म्हणून. मग ठेवणीतला कोट. मग कानातले. डाव्या हातानं ते जाईनात, मी घातले.

"कानातले कशाला बाई, पाच वाजतील!"

"मत द्यायला जाताना माणसानं माणसासारखं जावं."

गाडीत बसली आणि माझ्या गाडीला नावं ठेवायला लागली. "यात कोण राहतं, शेळी?" मी म्हटलं, "मी." "मग ठीक आहे, शेळीपेक्षा बरी दिसतेस." मला ती आवडली, लायल. काय करू? मी हसत होते. कितीतरी दिवसांनी.

मग तिनं विचारलं, "तुझ्या त्या ट्रस्कॉटबाईंनी पगार बरा दिला का?"

"'तुझ्या' काय म्हणता, तुमच्याही त्याच ना?"

"छे! मी विकर्सनला दिलंय मत."

मी गाडी थांबवली. धूळ पुढे निघून गेली.

"अगं, पक्षाचं नाव माझ्या बापानं लावलेलं. कोण बदलत बसतंय. तुझी बाई रानकोंबडीसारख्या त्या पक्ष्यासाठी सरकारी कुरण बंद करणार. तिथे आमच्या मेंढ्या तीन पिढ्या चरतात. कुरण गेलं की नातू लास वेगासला जाऊन पत्ते वाटणार. मग त्या कुत्र्यानं कोणाला पकडायचं? म्हणून विकर्सन. मला तो आवडतो असं नाही. डुकरासारखा बोलतो."

पुढे फाटा होता. डावीकडे घाटातून जवळचा रस्ता. उजवीकडे कोरड्या तळ्याला वळसा घालून लांबचा. उजवीकडे वळले असते तर पाच केव्हाच वाजले असते. कोणी काही म्हटलं नसतं. टेस प्रुइट, चुकली असेल, नेहमीच चुकते. जन्मभर मी आडवाटेला लागते, लायल. आजच नेमकं का नाही?

तिनं माझ्याकडे बघितलं. "काय झालं, पोरी?"

मी सांगितलं. सगळं. विकर्सन आला तर जे होणार तेही. ब्रायसचा नियम मोडला, पहिल्यांदा.

तिनं विचारलं, "काय केलं होतं त्यानं?"

"पोस्टातल्या बाईला मारलं."

"तिचं नाव?"

आजवर मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हॅरिएट ओडेल."

तिनं छातीवर क्रूस काढला, डाव्या हातानं, वेडावाकडा. "तिच्यासाठी एक आणि त्याच्यासाठी एक, दोन मेणबत्त्या लावीन. पण मत मी दिलंय, आणि आता पुन्हा दिलं तरी तेच देईन. खोटं बोलून तुझ्याकडून गाडी हाकून घेणार नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला नकोसं वाटत असेल तर घरी सोड मला. रागावणार नाही. चाक तुझ्या हातात आहे, पोरी. मी काही चालत पोचत नाही."

मला रेटलं नाही, लायल. एका शब्दानंही नाही. मांडीवर पर्स धरून बसली होती, त्यावर तो मोडका हात.

मला ती हिरव्या स्वेटरची बाई दिसली.

मी त्या अकराजणांचा इतकी वर्षं तिरस्कार केला. त्यांना घरी जायची घाई होती म्हणून नव्हे. एका बाईचं म्हणणं त्यांना अडचणीचं होतं आणि त्यांनी ते तिच्याकडून काढून घेतलं, म्हणून. आता माझ्या गाडीत एक बाई बसली होती आणि तिचं म्हणणं मला अडचणीचं होतं. मी उजवीकडे वळले असते, तर त्या अकराजणांत मी बारावी झाले असते. मग मी तुला कोणत्या तोंडानं लिहिलं असतं?

मी डावीकडे वळले.

घाटात अशी हाकली की एक कानातलं उडून मागच्या सीटखाली गेलं. वाटेत एकदा मी रडत होते म्हणून गाडी खड्ड्यात गेली, तेव्हा ती म्हणाली, "रड, पण बघत रड." पोचलो तेव्हा कारकून खिडकीवरची जाळी ओढतच होता. ग्रासिआनाबाईंनी जाळीखालून पर्स घुसवली. "आता ओढ!"

त्यानं त्यांचं पाकीट शोधून आणलं, पुढ्यात ठेवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "ही तुमचीच सही का?"

"हो! माझीच!"

इतक्या मोठ्यानं, की पलीकडे शिकारीचा परवाना घ्यायला आलेला माणूस वळून बघायला लागला. ते 'हो' अजून माझ्या कानात आहे. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, एखाद्याचं 'हो' असं असायला हवं. माझ्या भावाच्या विरुद्ध असलं तरी.

बाहेर आल्यावर तिनं तुझं पूर्ण नाव विचारलं. म्हणाली, "विकर्सन आला तर मी त्याला पत्र लिहिते. तू लिहिलंस तर तो वाचणार नाही. मी त्याला मत दिलंय. माझं ऐकायलाच पाहिजे त्यानं."

"तो वाचत नसतो बाई. चुलीत घालत असेल."

"मग पेटायला चांगलं म्हणून तरी हातात घेईल," ती म्हणाली. आणि खाली बसून उरलेलं कानातलं काढून पर्समध्ये टाकलं.

आता तिला घरी सोडायला जायचंय. ती गाडीत बसून माझ्या सामानाच्या घड्या घालतेय. ब्रायसचे फोन येतायत, "आणलीस का तिला?" मी हो म्हटलं. तो "शाब्बास!" म्हणाला. त्याला बाकीचं सांगितलं नाही. तुला सांगितलं.

टेस

१५ नोव्हेंबर
नेब्रास्का, हमरस्त्यालगत

लायल,

तुला कळलं असेलच. नेवाडा गेलं. विकर्सन. मी तेव्हा एका पेट्रोल पंपावर कॉफीत साखर घालत होते आणि घालतच राहिले. पंपावरच्या मुलीनं माझ्या हातातून पुडी काढून घेतली.

एका मतानं गेलं नाही, बऱ्याच मतांनी गेलं. म्हणून मी मोकळी होते असं समजू नकोस. फाट्यावर मला ते ठाऊक नव्हतं. मी तुझा जीव हातात धरून डावीकडे वळले. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, ग्रासिआनाबाईंवर नको. त्यांनी मला एक चॉरिझो सॉसेज बांधून दिलंय तुझ्यासाठी. आत सोडणार नाहीत म्हटलं, तर म्हणाल्या, "मग फाटकाशी बसून तू खा आणि त्याला चव सांग."

जुने राष्ट्राध्यक्ष जानेवारीपर्यंत आहेत, शिक्षा कमी करायचा हक्क तोवर त्यांच्याकडेच. मी त्यांना पत्र लिहिणार. ओडेलच्या मुलालाही लिहिणार, तो फाडेल तरी. ग्रासिआनाबाई विकर्सनला लिहितायत, डाव्या हातानं, निघताना दोन ओळी झाल्या होत्या. यातून काही होईल असं मी तुला सांगत नाही. आशा आणत नाही. नुसती येतेय.

या वेळी कुठेही न वळता सरळ येतेय, लायल. वाटेत एक पाटी दिसली होती, जगातला सगळ्यात मोठा बटाटा म्हणून. थांबले नाही. तुला यावरून कळायला हवं.

यादीत माझं नाव लिही. नाही लिहिलंस तरी मी फाटकाबाहेर बसेन, रोज. पण लिही. आणि तिथल्या माणसानं तुला रीतीप्रमाणे विचारलं, ही तुझीच बहीण का, तर त्याला पुन्हा विचारावं लागणार नाही असं सांग.

टेस